कोंबडा नसला तरी पिल्लं निघतील, पण त्यातले निम्मे कोंबडेच असतील

कराडजवळच्या मलकापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. बंगल्यामागं थोडं परस आहे, तिथं दोन वर्षांपासून सहा गावरान कोंबड्या आहेत. आधी एक कोंबडा पण होता, पण तो पहाटे साडेतीनलाच आरवायला लागायचा, शेजारच्या काकांचं नुकतंच हार्टचं ऑपरेशन झालेलं, त्यांना झोप मिळेना, मग त्यांनी येऊन सांगितलं आणि ताईंनी कोंबडा माहेरी पुसेसावळीला भावाकडं नेऊन सोडला. त्याला चार महिने झाले. आता त्यातली एक कोंबडी खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय, दहा दिवस रिकाम्या बुट्टीत बसून आहे, उठवायला गेलं की कुर्रर्र करून अंगावर येते. ताई विचारतात, कोंबडा परत न आणता पिल्लं काढता येतील का? जाऊबाई म्हणतात एकदा कोंबड्यात राहिलेल्या कोंबडीची अंडी कायम चालतात, घरचीच ठेव. ओळखीचे एकजण म्हणतात दुकानातली गावरान अंडी आणून ठेव, ऊब मिळाली की निघतंय पिल्लू. आणि मुलगा म्हणतो ऑनलाइन मशीन मागवूया. कुणाचं ऐकू?

ताई, सगळ्यात आधी तुमच्या खुडूक कोंबडीचं ऐका. ती सांगतेय की मी तयार आहे, अंडी द्या. फक्त ती अंडी तुमच्या घरची चालणार नाहीत आणि दुकानातली पण नाहीत, तुमच्या भावाकडची चालतील. कोंबडा तुमच्या दारात असायची काही गरज नाही, त्याचं काम तेवढं झालेलं असलं पाहिजे, मग ते पुसेसावळीत झालं काय आणि मलकापुरात झालं काय.

जाऊबाईंचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, त्यांनी काहीतरी बघितलेलं असणार. कोंबडीच्या पोटात, म्हणजे अंडं तयार होऊन खाली येतं त्या नळीत, बारीक बारीक पिशव्यांसारखी जागा असते, तिथं कोंबड्याचं बीज साठून राहतं. म्हणून कोंबडा एकदा लागला की तिसऱ्या दिवसापासनं अंडी फलित यायला लागतात आणि कोंबडा काढून नेला तरी आठ-दहा दिवस चांगली फलित येत राहतात. मग ते प्रमाण उतरत जातं आणि तीन आठवड्यात जवळजवळ संपतं. कुणाच्यातरी घरी कोंबडा विकल्यावर दोन आठवड्यांनी पिल्लं निघालेली जाऊबाईंनी बघितली असतील आणि त्यावरनं "कायम चालतात" हे झालं असेल. तुमचा कोंबडा जाऊन चार महिने झालेत, म्हणजे आता तुमच्याकडं जी अंडी मिळतायत ती खायला उत्तम, पण उबवायला एकही उपयोगाचं नाही. कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही, ती तिच्या वयानं आणि उजेडानं अंडं घालते, पण त्यात जीव धरायला कोंबडा लागतोच.

बिनकोंबड्याच्या अंड्यात जीव धरल्याची उदाहरणं शास्त्रात आहेत हे पण सांगून ठेवते, कारण उद्या कुणीतरी तुम्हाला मोबाईलवर दाखवेल. अमेरिकेत १९५० च्या दशकात टर्की पक्ष्यांवर हे काम झालं, नराशिवाय घातलेल्या काही अंड्यांत गर्भ वाढायला लागलेला दिसला, बहुतेक गर्भ आतच मेले, जे थोडे जगले ते सगळे नर. कोंबड्यांत तर हे फारच क्वचित होतं. त्याच्या भरवशावर तुमच्या कोंबडीला २१ दिवस उपाशीतापाशी बसवणं बरोबर नाही.

आता दुकानातल्या अंड्यांचं. हे मी स्वतः केलंय म्हणून कळकळीनं सांगते. आमच्या तासगाव भागात लहानपणी घरात कोंबड्या असायच्याच, पण लग्नानंतर सांगलीत मी पहिल्यांदा दोन कोंबड्या पाळल्या तेव्हा त्यातली एक खुडूक झाली आणि मी एका दुकानातनं गावरान म्हणून सांगितलेली बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवली. ती बिचारी २१ दिवस बसली, मग २५ झाले, तरी उठेना, तुरा पांढरा पडला, अंगात फक्त हाडं राहिली. शेवटी मी अंडी काढून बघितली तर बाराच्या बारा नासलेली, एक तर हातातच फुटलं, त्याचा वास दोन दिवस गेला नाही. तेव्हा जे वाईट वाटलं ते अजून आठवतं, कारण चूक माझी होती आणि भोगलं तिनं. दुकानात येणारी पांढरी अंडी लेयरच्या, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, पिंजऱ्यातली असतात, तिथं कोंबडा नसतोच. गावरान म्हणून मिळतात त्यातली काही फलित असतीलही, पण ती किती दिवसांची आहेत, उन्हात किती वेळ होती, फ्रीजमध्ये होती का, हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं. उबवायचं अंडं सात दिवसांच्या आतलं पाहिजे, फार तर दहा. त्यानंतर जीव असला तरी निघायची शक्यता दिवसागणिक कमी होत जाते.

पण ताई, अंडी आणायच्या आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा, आणि याच्यासाठीच मी एवढं लांबण लावतेय. तुम्ही अकरा अंडी ठेवली, त्यातली आठ निघाली, तर त्यात साधारण चार कोंबडे असणार. कधी तीन, कधी सहा. म्हणजे एका कोंबड्यामुळं काकांची झोप जात होती म्हणून तुम्ही तो दिला, आणि चार-पाच महिन्यांनी तुमच्या परसात चार आरवणारे तयार. माझ्याकडं येणाऱ्या पत्रात पिल्लं कशी काढायची हे सगळे विचारतात, नर आले तर त्यांचं काय करू हे आधी कुणीच विचारत नाही, आणि मग घाईघाईत पडेल त्या भावात देऊन टाकतात नाहीतर रात्री गावाबाहेर सोडून येतात, तिथं कुत्री काय करतात ते सांगायला नको.

लांबट टोकदार अंड्यातनं कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातनं कोंबडी, म्हणून गोल अंडी निवडून ठेवायची, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आमची आजी पण सांगायची. ते खरं नाही. पक्ष्यांत नर का मादी हे कोंबडीच्या अंड्यातच ठरतं, कोंबड्यावर ते अवलंबून नसतं, आणि अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाची शेपटीखालची जागा बघून नर-मादी ओळखणारे तयार कामगार असतात, पण घरी तुम्हाला-मला ते जमणार नाही. आपल्याला सहा ते आठ आठवड्यांनी कळायला लागतं, नराचा तुरा लवकर लाल आणि मोठा होतो, पाय जाड असतात, उभं राहायची ढब वेगळी असते. आणि अडीच-तीन महिन्यांत कमरेवरची पिसं लांब टोकदार झाली की शंकाच राहत नाही.

तेव्हा आत्ताच भावाशी बोलून घ्या की तीन महिने झाले की नर तुझ्याकडं पाठवते. तुमच्यासाठी हे सगळ्यात सोपं, आणि हिशोब पण नीट बसतोय, कारण आत्ता जानेवारी चालू आहे, फेब्रुवारीत पिल्लं निघाली तर आखाडापर्यंत नर पाच महिन्यांचे होतात आणि आपल्या सातारा-सांगली भागात आखाडात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, दारात येतं. तुम्ही खात असाल तर प्रश्नच मिटला. खात नसाल आणि विकायला पण मन धजत नसेल, तर मग खरं सांगते, पिल्लं काढूच नका, सरळ तीन-चार महिन्यांच्या तलंगा विकत घ्या. तलंगा म्हणजे ज्या अजून अंड्यावर आलेल्या नाहीत अशा तरण्या कोंबड्या, आठवडी बाजारात मिळतात, ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घेतल्या तर अजून चांगलं. आणल्या की दोन-तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासनं लांब ठेवायच्या, एकदम सोडायच्या नाहीत.

आणि काकांचं म्हणाल तर तुम्ही कोंबडा दिलात ते योग्यच केलंत. बरेच जण सांगतात कोंबड्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवा, वर पोतं टाका म्हणजे उजेड दिसत नाही आणि आरवत नाही. थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठात यावर काम झालंय, २०१३ ला ते छापून आलं, त्यात कोंबडे कायम मंद उजेडात ठेवले तरी ते पहाटेच्या वेळेच्या आसपास आरवायचेच, कारण ते घड्याळ त्यांच्या शरीरातच असतं. गळ्याला पट्टा बांधून आवाज कमी करायचे प्रकार निघालेत ते तर अजिबात करू नका, जरा घट्ट झाला की जीव गुदमरतो.

मग आता अंड्यांचं काम. भावाकडं कोंबड्या किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हे बरोबर प्रमाण. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पण २५ तलंगांमागं ३ नर देतात ते याच हिशोबानं. भावाकडं पंचवीस-तीस कोंबड्या आणि तुमचा एकच कोंबडा असेल तर बरीच अंडी रिकामी निघतील. हे तपासायची सोपी युक्ती आहे. भावजयीला म्हणावं ऑम्लेटला अंडं फोडाल तेव्हा बलकावर नीट बघा. प्रत्येक अंड्याच्या बलकावर एक बारीक पांढरा ठिपका असतोच, पण फलित अंड्यात तो ठिपका जरा मोठा आणि भोवती स्पष्ट गोल रिंगण असलेला दिसतो, आणि बिनफलित अंड्यात नुसता बारीक, ओबडधोबड पांढरा ठिपका. पाच-सहा अंडी अशी बघितली की कोंबडा काम करतोय का नाही ते तुम्हाला घरबसल्या कळतं.

भावाला सांगा पाच-सहा दिवसांची अंडी बाजूला काढून ठेव. रोज काढायची, धुवायची नाहीत, अंड्यावर निसर्गानं एक थर दिलेला असतो तो धुतला की जंतू आत जातात, फार घाण लागलेलं असेल तर ते अंडं खायला वापरायचं. तडकलेली, फार मोठी, फार बारकी, कागदासारख्या पातळ कवचाची घ्यायची नाहीत. निमुळतं टोक खाली आणि जाड बाजू वर करून ट्रेमध्ये घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायची. फ्रीज नको, तिथली थंडी आतल्या जिवाला झेपत नाही. आत्ता थंडी आहे म्हणून काळजी नाही, हेच एप्रिल-मे असतं तर मी तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका म्हटलं असतं, कारण उन्हाळ्यात घरातल्याच गरमीनं गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. म्हणून आपल्याकडं दिवाळी ते फेब्रुवारी हाच पिल्लं काढायचा चांगला काळ, पावसाळ्यात ओलीमुळं पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि उन्हाळ्यात अंडी टिकत नाहीत.

एसटीनं आणणार असाल तर डब्यात खाली तूस नाहीतर गव्हाचा कोंडा, प्रत्येक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळून, टोक खाली, आणि डबा मांडीवर. सीटखाली ठेवला तर पुसेसावळी ते कराड जे हादरे बसतील त्यानं आतली हवेची पोकळी सैल होते. घरी आल्यावर लगेच कोंबडीखाली ठेवायची नाहीत, एक रात्र तशीच टोक खाली करून निवांत राहू द्या.

मधल्या पाच-सहा दिवसात तुमच्या कोंबडीचा खुडूकपणा मोडू नये म्हणून तिच्याखाली घरचीच तीन-चार अंडी ठेवा, त्यावर पेन्सिलीनं मोठी फुली मारा म्हणजे नंतर ओळखू येतील. स्केचपेन नको. ती आधीच दहा दिवस रिकामी बसलीय, अजून सहा-सात आणि पुढं २१, म्हणजे पाच आठवडे होतात. गावरान कोंबडी एवढं काढते, पण तिला खायला पाहिजे. खुडूक कोंबडी दिवसातनं एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, तेवढ्यात खाणं, पाणी, मोठी विष्ठा आणि धुळीत लोळणं सगळं उरकते. ती स्वतःहून उठत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा, पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते आधी बघा. जवळ मका, ज्वारी, बाजरी आणि पाणी. एवढ्या वेळात अंडी गार होऊन मरत नाहीत, काळजी करू नका. उचलल्यावर हाताला एकदम हलकी लागली, छातीचं हाड टोचायला लागलं, तर मात्र तिला या खेपेला सोडून द्या, पुढच्या वेळी बघू. खुडूक मोडायला काहीजण कोंबडीच्या नाकात पीस घालतात नाहीतर बादलीत बुडवतात, असलं काही करायचं नाही, जाळीचा तळ असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवली की खालनं वारं लागतं आणि आपोआप उतरते.

तिची जागा बाकीच्या पाचजणींपासनं वेगळी करा हे फार महत्त्वाचं. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या येऊन तिच्याच बुट्टीत अंडी घालणार, आणि मग कुठलं अंडं कुठल्या दिवसाचं हा घोळ. हलवायची तर रात्री हलवा, बुट्टीसकट. बुट्टीत खाली थोडी राख, त्यावर वाळलेलं काड, आणि निरगुडीचा नाहीतर कडुलिंबाचा पाला, कारण बसलेल्या कोंबडीला उवा फार होतात आणि त्या असह्य झाल्या की ती अंडी टाकून उठते. आमची आजी बुट्टीत लोखंडाचा खिळा पण ठेवायची, वीज कडाडली तर अंड्यांना बाधू नये म्हणून. खिळ्यानं काय होतं ते होवो, पण ती बुट्टी रोज हात लावून बघायची, अंडी किती ऊबदार आहेत, कोंबडी कशी आहे, आणि मला वाटतं तिची सगळी पिल्लं त्यामुळंच निघायची.

भावाची अंडी ठेवताना पण रात्रच. सगळी एकदम ठेवायची, आज चार उद्या तीन असं नाही, कारण पहिली पिल्लं निघाली की ती उठणार आणि मागची अंडी तशीच राहणार. फुलीची अंडी काढून घ्या आणि अकरा ठेवा, मोठी कोंबडी असेल तर तेरा. विषम आकडा ही आपली रीत आहे, पण खरं माप हे की एकही अंडं पंखाच्या बाहेर दिसता कामा नये. फिरवायची नाहीत, ते ती स्वतः चोचीनं दिवसभर करत असते. आठव्या रात्री अंधारात एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून त्याखाली टॉर्च. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव आहे. एकदम स्वच्छ पिवळसर दिसलं तर रिकामं, काढून टाका, नाहीतर ते नासून फुटतं आणि बाकीची खराब होतात.

मुलाच्या मशीनबद्दल. त्याचा उत्साह मोडू नका, पण खुडूक कोंबडी दारात असताना मशीनला पैसे घालायची गरज नाही. मशीनमध्ये साधारण ३७.५ अंश तापमान सतत राखावं लागतं, पहिले १८ दिवस पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर, अंडी दिवसातनं तीन ते पाच वेळा फिरवायची, आणि मधेच दोन-चार तास लाईट गेली की सगळं अवघड. शिवाय मशीनच्या पिल्लांना आई नसते, बल्बखाली तीन-चार आठवडे तुम्हालाच सांभाळावं लागतं, पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब आणि मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. कोंबडी हे सगळं फुकटात आणि आपल्यापेक्षा चांगलं करते, वर पिल्लांना टोचायला, लपायला, घार आली की पंखाखाली यायला शिकवते. पन्नास-शंभर पिल्लांचा धंदा करायचा असेल तेव्हा मशीनचं बघू.

तुमच्या स्वतःच्याच कोंबड्यांचा वंश पाहिजे असेल, म्हणजे एखादी फार चांगली अंड्याची आहे वगैरे, तर कोंबडा आठ दिवस पाहुणा म्हणून आणता येतो, काकांना आधी सांगून. आठ दिवसांनी परत पाठवायचा आणि पुढची आठ-दहा दिवसांची अंडी उबवायला ठेवायची. पण मी स्वतः अंडी आणणं जास्त पसंत करते, कारण पक्षी इकडून तिकडं नेला की त्याच्याबरोबर मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, पण जाते, दिसायला कोंबडा ठणठणीत आणि आठवड्यात सगळं खुराडं साफ, असं होताना मी बघितलंय. उलटं करून तुमची कोंबडी भावाकडं पाठवली तरी धोका तोच. मोठ्या ब्रीडर फार्मवर कृत्रिम रेतन पण करतात, पण त्याला ताजं वीर्य लागतं, ते अर्ध्या तासाच्या आत भरावं लागतं, आणि शेवटी कोंबडा कुठंतरी पाळावाच लागतो, त्यामुळं घरच्या सहा कोंबड्यांसाठी त्याच्या नादी लागू नका.

भावाकडं नेमकी अंडी नसतील किंवा त्याच्या कोंबड्या बंद असतील तर अजून एक वाट आहे आणि ती मला फार आवडते. खुडूक कोंबडीला फुलीच्या अंड्यांवर तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत बसू द्यायचं, आणि मग एक दिवसाची पिल्लं विकत आणून रात्री तिच्याखाली सरकवायची. तुमच्यापासनं कोल्हापूर जवळ, तिथं पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, पुण्यात खडकीला पण आहे. आधी फोन करून जात आणि तारीख विचारून घ्या. पिल्लं एक-दोन दिवसांचीच पाहिजेत, त्यापेक्षा मोठी झाली की ती हिला आई मानत नाहीत आणि ही त्यांना पोरं मानत नाही. आणि रात्रीच ठेवायची. एकदा मी दुपारी ठेवली होती, घाई होती म्हणून, तिनं दोन पिल्लांना टोचून मारलं. नंतर तीच कोंबडी, तशीच पिल्लं, पण अंधारात एकेक करून पंखाखाली सरकवली, एक पिल्लू आत एक अंडं बाहेर असं, तर सकाळी सगळ्यांना घेऊन बाहेर आली. पहाटे उजाडायच्या आत जाऊन बघायचं, ती मान खाली घालून हलक्या आवाजात क्लक क्लक करत असेल तर जमलं, टोचत असेल तर लगेच पिल्लं काढून घ्यायची. यातही नर येणारच, ते मघाशी बोलले ते इथंही लागू. आणि गिरिराज, वनराज असल्या सुधारित जातीची पिल्लं घेतलीत तर त्या कोंबड्या अंडी जास्त देतात पण खुडूक क्वचितच बसतात, म्हणजे पुढच्या पिढीला तुमच्या गावरानच कामाला येणार, त्या विकू नका.

पिल्लं निघाल्यावर पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाची लस, डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. बाटली कमीत कमी शंभर डोसची येते आणि फोडली की काही तासात संपवावी लागते, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा कुठल्या दिवशी लस फोडणार आहेत, नाहीतर आजूबाजूच्या कोंबड्यावाल्यांना गोळा करून एकाच दिवशी करून घ्या. बर्फातनं आणायची.

तेव्हा भावाला आज फोन करा. समजा पुढच्या रविवारी अंडी आणली आणि सोमवारी रात्री ठेवली, तर तिथनं तीन आठवडे मोजून येणाऱ्या सोमवारी-मंगळवारी पिल्लं निघायला पाहिजेत, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्याच्या आधीचे तीन दिवस टॉर्च नाही, उचलाउचली नाही, दाणापाणी अगदी तिच्या चोचीजवळ ठेवायचं. अंड्याला पहिली चीर पडल्यापासनं पिल्लू बाहेर यायला एक दिवस पण लागू शकतो, आपल्याला बघवत नाही पण नखानं कवच सोलायचं नाही, आतल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात जायचं बाकी असतं, सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं. निघालेल्या पिल्लांना लगेच खायला पण लागत नाही, पोटात बलक ओढून घेतलेला असतो, त्यावर दोन दिवस निघतात, म्हणून आई मागच्या अंड्यांसाठी निवांत बसून राहते. ती स्वतः उठून त्यांना बाहेर आणेल तेव्हा पसरट ताटलीत पाणी ठेवा, त्यात बारके खडे टाका म्हणजे पिल्लू बुडणार नाही, पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ, आणि कागदावर मक्याचा बारीक भरडा. रात्री डालग्याखाली झाकताना वर दगड ठेवायला विसरू नका. मलकापूरच्या कॉलनीत मुंगूस नसलं तरी मांजरं आहेतच.

किती निघाली आणि त्यात तलंगा किती ते मला एप्रिलमध्ये कळवा.